दाबून धरा, सोडू नका

प्रेमात पडणारी माणसं आधी एकमेकांचे डोळे बघतात, असं म्हणतात. तिने आधी त्याचे बूट पाहिले. इलाजच नव्हता. ती एका गाडीखाली फळीवर उताणी पडली होती, काळं तेल संथ धारेने घमेल्यात उतरत होतं, आणि तिथून माणूस घोट्यापर्यंतच दिसतो. बूट तपकिरी होते, नीट घासलेले, आणि डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती.

"मिस्त्री आहेत का?" बुटांनी विचारलं.

"आहेत."

बूट जरा वेळ थांबले. मग टायरांच्या थप्पीपर्यंत जाऊन परत आले. "कुठे आहेत?"

"तुमच्या पायाशी," ती म्हणाली. "आणि आधी ती नाडी बांधा. इथे फरशीवर तेल असतं, आपटाल."

तो आज्ञाधारकपणे वाकला, तेव्हा गाडीखाली एक उलटा चेहरा दिसला. चष्मा, कपाळावर आलेले केस, आणि अगदी परीक्षेला बसल्यासारखा गंभीर भाव. त्या उलट्या चेहऱ्याने तिला "नमस्कार" केला. तिला हसू आलं, पण बोलून झाल्यावर टॉर्च पुन्हा तोंडात धरल्यामुळे ते बाहेर पडलं नाही.

हे गॅरेज तीस वर्षं तिच्या बाबांनी चालवलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची पाठ कुरकुरायला लागली, तशी त्यांनी पान्यांची पेटी लेकीच्या स्वाधीन केली आणि स्वतः घरी फुलझाडांच्या मागे लागले. बाबांना सगळे मिस्त्री म्हणायचे, म्हणून तिला छोटे मिस्त्री म्हणू लागले. कुणी 'मिस्त्रीणबाई' म्हणूनही पाहिलं, पण ते जिभेला जमेना, आणि गॅरेजात व्याकरणाला कोण विचारतो? दाराजवळ फोनच्या टेबलाशी आत्या बसायची. गाडी कधी मिळेल म्हणून कुणाचा फोन आला की तिचं उत्तर ठरलेलं असायचं. छोट्या मिस्त्रींचे हात गुंतलेत, अर्ध्या तासाने करा. हा अर्धा तास हवा तेवढा ताणता येतो, असं आत्याचं मत होतं.

ती गाडीखालून बाहेर आली, हात फडक्याला पुसले. त्याची तक्रार साधी होती. गाडी बहिणीची. रविवारी मेव्हण्यांनी घरीच तेल बदललं. तरी समोरचा पिवळा दिवा, तेल बदला म्हणून आठवण करणारा, काही जात नव्हता.

"पुस्तकात बघून केलंत ना?" तिने विचारलं.

"अकरा वेळा."

"मग कसा जाईल?"

पंधरवड्यातली ही नववी गाडी होती. तिने समोरच्या कप्प्यातून गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका ओढून काढली आणि न शोधता चौसष्टावं पान उघडलं. त्यावर छापलं होतं, 'बटण दाबून सोडावे व त्यानंतर चावी फिरवावी.' तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग पंधरा दिवस साठवलेलं सगळं बोलून घेतलं. हे ज्याने लिहिलं त्याने गाडी फक्त कॅलेंडरवर पाहिलेली असणार. एक बाई तर चार दिवस गाडी बाहेर काढायला घाबरत होती, इंजिन पेटेल म्हणून. लाल दिवा लागला तर गाडी जागच्या जागी थांबवावी, हे खरं. पण हा बिचारा पिवळा, नुसती आठवण करणारा. त्या बाईंना हे कुणी सांगायचं? एका शब्दापायी नऊ घरांना घोर.

"एकदा तो लिहिणारा माझ्यासमोर यायला हवा," ती म्हणाली.

"आला तर... काय कराल?"

"त्याचा अंगठा धरीन, त्या बटणावर ठेवीन आणि दिवा जाईपर्यंत उचलू देणार नाही."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्याने गाडीचं दार उघडलं, आत बसला, आणि खिडकीतून डावा अंगठा बाहेर काढला.

"धरा," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"लिहिणारा — मीच आहे."

दुसरी कुणी असती तर जीभ चावली असती. पण बोललेला शब्द गिळायची तिला सवय नव्हती. तिने खिडकीतून वाकून त्याचा अंगठा दोन बोटांत धरला, तेल लागलेल्या बोटांत, आणि बटणावर नेऊन टेकवला. दुसऱ्या हाताने चावी फिरवा म्हणाली, इंजिन चालू करायचं नाही, नुसते दिवे लागेपर्यंत. आणि बटण सोडायचं नाही. पिवळा दिवा लुकलुकला. खाली चार रेघा उमटल्या, त्या एकेक करून गेल्या, चार शून्यं आली आणि दिवा गेला. या सगळ्याला दहा सेकंद लागतात. दोन अनोळखी माणसांनी एवढ्या जवळ श्वास घ्यायला दहा सेकंद म्हणजे पुष्कळ झाले.

"मला वाटलं, दाराच्या बेलसारखं बटण असेल," तो हळूच म्हणाला. "दाबलं की सोडायचं. मी तसं धरून चाललो."

"तुम्ही धरून चाललात, म्हणून लोकांना धरता आलं नाही."

तो हसला. अगदी मनापासून, स्वतःवरच. मग त्याने विचारलं, की तेल तर बदललं, मग दिव्याला ते आपोआप का कळत नाही? तिने सांगितलं, दिव्याला तेल दिसत नाही. तो आपला किलोमीटर मोजत बसतो. ठरलेले झाले की लागतो. आत नवं तेल घाला नाही तर अत्तर घाला, त्याला पत्ता नसतो. त्याला सांगावं लागतं.

"सांगितल्याशिवाय कळतच नाही?"

"नाही. कुणी सांगेपर्यंत बिचारा जळत बसतो."

हे ऐकून त्याने तिच्याकडे जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ पाहिलं. मग तो निघून गेला, अंगठ्यावरचा काळा डाग न पुसता. आत्याने फोनच्या टेबलावरून हे सगळं पाहिलं होतं. ती एवढंच म्हणाली, की आजकाल दिवे घालवायला बराच वेळ लागतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला तपकिरी बूट पुन्हा हजर. काखेत कागदांचा गठ्ठा, आणि चेहरा उतरलेला. तिने बसायला उलटा डबा दिला, तेव्हा त्याने सगळं सांगितलं. कंपनी मोठी, तिच्या पुस्तिका चार भाषांत निघायच्या. आपल्या भाषेतली तो एकटा लिहायचा. चौसष्टाव्या पानाच्या तक्रारी वरपर्यंत पोचल्या होत्या आणि तिथल्या साहेबीणबाईंचं म्हणणं पडलं, की एवढा घोळ होत असेल तर ही पुस्तिका बंदच करावी. त्याने हातापाया पडून एक महिना मागून घेतला होता. देखभालीचं प्रकरण नव्याने लिहायचं. महिन्याच्या शेवटी बाई स्वतः येणार, आणि ज्याने जन्मात बॉनेट उघडलेलं नाही अशा कुणाच्या तरी हातात ती पानं देणार. त्या माणसाने कुणालाही न विचारता तेल तपासायचं आणि तो पिवळा दिवा घालवायचा. जमलं तर पुस्तिका राहील. नाही जमलं तर ती बंद, त्याची नोकरीही बंद, आणि त्याला लांबच्या गावी मामांच्या छापखान्यात जावं लागेल. मामा केव्हाचे बोलावत होते.

"मग माझ्याकडे कशाला आलात?" तिने विचारलं.

"तुम्हाला गाडीखालून माझी नाडी सुटलेली दिसली. पानांत काय काय सुटलंय, तेही दिसेल."

तिने पान्याने डोकं खाजवलं. रोज चारला या म्हणाली, आणि एक अट घातली. जे हाताने केलं नाही ते लिहायचं नाही.

त्या दिवसापासून गॅरेजात भाषेची गंमत सुरू झाली. त्याच्या जुन्या पानांत तेल मोजायच्या पट्टीला 'तेलपातळी-निर्देशक शलाका' असं नाव होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं तेव्हा आत्याने टेबलावरून मान वर करून विचारलं, ही कोणाची मुलगी? त्याने मुकाट्याने शलाका खोडली आणि लिहिलं, 'पिवळ्या कडीची पट्टी, म्हणजे डिपस्टिक.' 'वंगण' गेलं, तेल आलं. 'उन्मोचन-छिद्र' होतं, ते वाचून तर तिला इतकं हसू लोटलं की स्पॅनर हातातून सुटला. तिथे आता 'खालचा नट' असं आलं.

पट्टी पाहायला ती त्याला शिकवत होती तेव्हाची गोष्ट. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करून थोडं थांबायचं, पट्टी ओढायची, पुसायची, परत पूर्ण आत घालायची आणि मग पुन्हा ओढून बघायची. त्याने विचारलं, पहिल्यांदाच का बघायचं नाही?

"पहिल्या खेपेला तेल पट्टीला वरपर्यंत माखलेलं असतं," ती म्हणाली. "दिसतं ते खरं नसतं."

"माणसांचंही तसंच."

"असं? मग पहिल्या खेपेला तुम्हाला काय दिसलं होतं?"

"घमेलं. आणि त्याच्या मागून एक... रागीट आवाज."

"आणि दुसऱ्या खेपेला?"

तो कागदांत तोंड घालून काहीतरी शोधू लागला. "ते," तो म्हणाला, "अजून लिहून व्हायचंय."

एके दिवशी त्याने स्वतः तेल बदललं. नट सैल करताना हात बाजूला घ्यायला विसरला आणि कोमट काळं तेल कोपरापर्यंत ओघळलं. साबणाने ते हलेना. तिने आत्याच्या चहाच्या डब्यातली चमचाभर साखर त्याच्या तळव्यावर ओतली, वर साबण घातला आणि चोळा म्हणाली. त्याला नीट चोळता येईना, तेव्हा तिनेच त्याचे हात हातात घेऊन चोळले. साखर करकरत होती, काळा फेस नळाखालून वाहत होता, आणि दोघंही फार लक्ष देऊन नळाकडे बघत होती.

"हे... पुस्तकात घालू?" त्याने विचारलं.

"नको," ती म्हणाली. "सगळंच काही पुस्तकात घालायचं नसतं."

हळूहळू तिच्या ध्यानात आलं की पावणेचार वाजले की आपण तोंड धुतो. आत्याच्या तर केव्हाच ध्यानात आलं होतं. टाकीतलं पाणी दुपारी पावणेचारलाच का संपतं, असं तिने दोनदा विचारून झालं होतं. पण आत्याला काळजीही होती, आणि ती तिने स्पष्ट बोलून दाखवली. पुस्तकवाले गृहस्थ चांगले आहेत, पण त्यांनी स्वतःच सांगितलं की याआधी पाच नोकऱ्या झाल्या. अडचण आली की सोडायचं आणि पुढे जायचं. आत्याच्या मते हा स्वभाव धरसोडीचा होता.

"गाडी रस्त्यात बंद पडली तर ढकलता येते गं," आत्या म्हणाली. "माणूस रस्त्यात उतरून गेला तर कुणाला ढकलणार?"

त्या दिवशी तिने एका गाडीच्या टायरात हवा तीनदा तपासली आणि तिन्ही वेळा आकडा विसरली.

तीन आठवड्यांत पानं तयार झाली. आता ती कुणावर तरी करून बघायला हवी होती. आत्याला गाडीतलं काही कळत नव्हतं आणि तिला त्याचा अभिमान होता, म्हणून तोच दिवा लागलेल्या एका गाडीत तिलाच चालकाच्या जागी बसवलं. आत्याने चष्मा चढवला, पान मांडीवर ठेवलं, बटण दाबून धरलं, चावी फिरवली. दिवा लुकलुकला, आणि आत्याने लगेच अंगठा उचलला. दिवा तसाच.

"झालं की," आत्या म्हणाली.

झालं नव्हतं. तिने आत्याला पुन्हा करायला लावलं, आणि या वेळी पानाकडे न बघता आत्याच्या अंगठ्याकडे बघितलं. दिवा लुकलुकला, अंगठा उठला. तिसऱ्यांदाही तेच. तिने त्याच्याकडे वळून सांगितलं, की इथे एक वाक्य कमी आहे. आपल्याला माहीत आहे म्हणून आपण ते लिहिलं नाही. लुकलुकलं की माणसाला वाटतं, जमलं आता, आणि तो तिथेच सोडतो. जमायला आणखी थोडंच उरलेलं असतं.

त्याने पेन काढलं आणि ती बोलली तसंच्या तसं उतरवलं. 'दिवा लुकलुकला की सोडावंसं वाटतं. सोडू नका. चार शून्यं दिसेपर्यंत धरा.' चौथ्यांदा आत्याने ते वाचलं, धरलं, आणि दिवा गेला. आत्या गाडीतून उतरली ती एखादी शर्यत जिंकल्याच्या तोऱ्यात, आणि त्या दिवशी फोनवर प्रत्येकाला खरी वेळ सांगत होती.

सगळं असं छान जुळत आलेलं असताना त्याच्या कागदांतून तिकीट पडलं.

मामांच्या गावाचं तिकीट होतं ते. तारीख परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीची, आणि परतीचं नव्हतं. तिने ते उचललं, वाचलं, आणि त्याच्या हातात दिलं.

"हे कधी काढलंत?"

"महिन्याच्या सुरुवातीला," तो म्हणाला. "मला वाटलं, जमणार नाहीच, तर मग... जागा मिळणं कठीण असतं, म्हणून—"

"म्हणजे इथे रोज चारला येत होतात, आणि जायचं ठरवून येत होतात."

"तसं नाही. मी धरून चाललो की—"

"पुन्हा धरून चाललात." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "लुकलुकलं की सोडणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. तुम्ही तर लुकलुकायच्याही आधीच अंगठा उचललात."

त्यानंतर तिने अबोला धरला. तो तीन दिवस आला नाही, आणि तिने कुणाला विचारलंही नाही. पावणेचारला टाकीत पाणी भरपूर असायचं. आत्या गप्प होती, आणि आत्या गप्प बसली की गॅरेज फारच मोठं वाटायचं. तिला त्याचा राग आला होता, हे खरं. पण रागाच्या खाली, तळाशी, साधी भीती होती. तो गेला तर चार वाजल्यानंतरच्या दिवसाचं करायचं काय, हे तिला आता आठवत नव्हतं. महिन्यापूर्वी ती काहीतरी करत असणारच की.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दहाला साहेबीणबाई ठरल्याप्रमाणे गॅरेजातच आल्या. चकचकीत गाडी, मागच्या सीटवर त्या, पुढे चालक. त्यांच्या पाठोपाठ तो आला, चालत. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. बुटांकडे बघितलं. दोन्ही नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या.

बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांची गाडी त्याच कंपनीची. आदल्याच दिवशी तेल बदललेलं, आणि पिवळा दिवा त्यांनी मुद्दाम तसाच ठेवून आणलेला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि फोनच्या टेबलाशी बसलेल्या आत्याकडे बोट दाखवून विचारलं, की या बाईंना गाडीतलं काही कळतं का? आत्याने तत्काळ, अगदी अभिमानाने, नाही म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, मग याच बसू देत.

त्याने श्वास रोखला. तिनेही. आत्याला ते पान आता पाठ होतं. डोळे मिटून जमलं असतं तिला. सगळं हातात आल्यासारखं झालं होतं. फक्त गप्प राहायचं होतं.

"त्या माझ्या आत्या आहेत," ती म्हणाली. "त्यांनी हे आधी चार वेळा केलंय. तुम्हाला कुणी कोरा माणूस हवा असेल, तर त्या चालणार नाहीत."

आत्याने कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि चालकाला बाजूला व्हायला सांगितलं. मग स्वतःच्या साडीचा पदर खोचला.

"मी वीस वर्षं गाड्यांच्या कंपनीत आहे," त्या म्हणाल्या, "आणि बॉनेट कधी उघडलेलं नाही. माझ्याहून कोरं इथे कोणी नसेल. आणा ती पानं."

त्यानंतर कुणी बोलायचं नव्हतं. बाईंनी पान वाचलं, बॉनेटची कळ शोधली, बॉनेट उचलून दांड्याचा टेकू लावला. पिवळी कडी सापडली. त्यांनी पट्टी ओढली, तिच्यावरचं तेल बघून मान हलवली, आणि परत ठेवायला निघाल्या. मग पुन्हा पानाकडे नजर गेली. 'पहिल्या खेपेला दिसतं ते खरं धरू नका.' त्यांनी पट्टी पुसली, आत घातली, पुन्हा ओढली, आणि दोन खुणांच्या मधोमध सोनेरी तेल बघून पहिल्यांदाच हसल्या.

मग त्या चालकाच्या जागी बसल्या. अंगठा बटणावर. चावी फिरली. तिला खिडकीतून सगळं दिसत होतं, आणि समोरच्या खिडकीतून त्याला. दिवा लुकलुकला. बाईंच्या अंगठ्याचं टोक पांढरं होतं, ते किंचित सैल पडून गुलाबी झालं. तिच्या घशात शब्द आला, तो तिने दातांमागे दाबला. बाईंची नजर खाली पानाकडे गेली. ओठ हलले. सोडू नका. अंगठा पुन्हा पांढरा झाला.

एक रेघ गेली. दुसरी. तिसरी. चौथी. चार शून्यं.

दिवा गेला.

आत्याने टाळ्या वाजवल्या. चालकानेही वाजवल्या, मग आपण साहेबीणबाईंसमोर आहोत हे आठवून हात मागे घेतले. बाई स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसल्या होत्या, जणू तो आजच नवा मिळाला होता. त्यांनी विचारलं, 'सोडावंसं वाटतं' हे वाक्य कुणाचं? अशा पुस्तकात असं कुणी लिहीत नाही.

"छोट्या मिस्त्रींचं," तो म्हणाला. "या पानांतलं जे जे बरोबर आहे, ते त्यांचं आहे."

"मग त्यांचा उल्लेख पहिल्या पानावर हवा," बाई म्हणाल्या. "पुस्तिका राहील. आणि बाकीची नऊ प्रकरणंही अशीच लिहून हवीत. इथेच बसून लिहा, ऑफिसात बसून नको." परतीला त्यांनी चालकाला मागे बसवलं आणि गाडी स्वतः चालवत नेली. फाटकातून वळताना त्यांनी गरज नसताना हॉर्न वाजवला.

गॅरेजात मग एकदम शांतता झाली. उन्हाची एक पट्टी पत्र्याच्या फटीतून फरशीवर आली होती. त्याने सरावासाठी आणून ठेवलेली बहिणीची गाडी अजून कोपऱ्यात उभी होती. ती आत जाऊन बसली, कारण कुठेतरी बसायला हवं होतं. तो दुसऱ्या दाराने येऊन शेजारी बसला.

"अभिनंदन," ती समोर बघत म्हणाली. "आता ते तिकीट परत करावं लागेल तुम्हाला."

"केलं."

"कधी? आत्ता तर बाई गेल्या."

"चार दिवसांपूर्वी. तुम्ही बोललात, त्याच संध्याकाळी."

ती वळली. "तेव्हा कुठे ठरलं होतं, पुस्तिका राहणार म्हणून?"

"नव्हतं ठरलं," तो म्हणाला. "मी राहणार, एवढं ठरलं होतं. पुस्तिका गेली असती तर... इथेच कुठेतरी काम शोधलं असतं. तुमच्याकडे टायरांत हवा भरली असती. मामांनाही कळवलंय. तीन दिवस आलो नाही, कारण रिकाम्या हाताने येऊन नुसतं राहतो म्हणालो असतो, तर तुम्ही म्हणाला असतात, पुन्हा धरून चाललात."

"म्हटलंच असतं."

"माहीत आहे."

बाहेर कुणाची तरी सायकल घंटा वाजवत गेली. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाला, "मला एक..." आणि थांबला. असं तो महिनाभरात निदान वीसदा थांबला होता.

"दिव्याला आपोआप कळत नाही," ती म्हणाली. "माहीत आहे ना? सांगावं लागतं."

"सांगतो." त्याने मोठा श्वास घेतला. "दुसऱ्या खेपेला काय दिसलं, ते लिहून झालंय. पहिल्या खेपेला रागीट आवाज दिसला. दुसऱ्या खेपेपासून... रोज चार वाजायची वाट बघणं एवढंच दिसतंय. माझं तुमच्यावर प्रेम आहे. हे मी धरून चालत नाहीये. अकरा वेळा तपासलंय."

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. तिने त्याचा डावा अंगठा धरला, पहिल्या दिवशी धरला होता तसाच, दोन बोटांत. मग अख्खा हातच धरला.

"आता सोडायचा कधी?" त्याने विचारलं.

"पुस्तकात काय लिहिलंयस तू?"

महिनाभरात तिने त्याला पहिल्यांदाच तू म्हटलं होतं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सोडू नका, असं लिहिलंय, हे त्याने सांगितलं खरं, पण इतक्या हळू, की ते फक्त तिलाच ऐकू गेलं.

दाराजवळ फोन वाजला. गाडी कधी मिळेल, असं कुणीतरी विचारत होतं. आत्याने कोपऱ्यातल्या गाडीकडे एकदा नीट पाहिलं, खुर्ची तिच्याकडे पाठ होईल अशी वळवून घेतली आणि फोनमध्ये सांगितलं, छोट्या मिस्त्रींचे हात गुंतलेत, उद्या करा.